दोऱ्यावरचं बोट

माझा धंदा कुणी बुडवला असंल, तर त्या दोघींनी. जळकोटाच्या दवाखान्यात सुवार्ता आणि करिश्मा आयाचं काम करतात, आणि मी फाटकाबाहेर हप्त्यानं साड्या विकतो. पावसाळ्यात सुवार्तानं लेकीच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण टाकलं, करिश्मानं नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी. नाताळाच्या आत दोघींचंही सोडवायचंच, असं त्यांनी ठरवलं. तेव्हापासून एकीनं साडीला हात लावला, की दुसरी गुमान आपल्या गळ्यातल्या नुसत्या काळ्या दोऱ्यावरून बोट फिरवायची. लगेच साडी गाठोड्यात परत. सुवार्ताचा जीव एका डाळिंबी साडीवर होता, हे मला ठाऊक. "आत्ता न्या ताई, पैसे सवडीनं द्या," मी रोज म्हणायचो. रोज ते बोट आडवं यायचं. लई राग यायचा. नाताळाच्या आदल्या दिवशी मात्र दोघी बाहेर आल्या त्या मंगळसूत्र घालूनच. सुवार्ताच्या काळ्या मण्यांत सोन्याचा क्रूस चमकत होता. तिनं डाळिंबी साडी उचलली आणि सवयीनं करिश्माकडं बघितलं. करिश्मानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. "माझ्याकडं काय बघायलाव अक्का, घ्या की!" ती हसत म्हणाली. मलाच आनंद मावंना, पण जुनी खोड जाती व्हय? बोलून गेलो, "पैशाची घाई न्हाय ताई, हप्त्यानं द्या." तसं दोघींचंही बोट एकदमच गळ्याकडं गेलं. सुवार्तानं कमरेचा बटवा सोडला आणि सगळे पैसे रोख माझ्या हातावर ठेवले.