लेझरचा ढेकूण

घर किती वीज खातं त्याचं रेटिंग करायला आलेली पोरगी लेझरनं खोल्या मोजत होती. लाल ठिपका भिंतीवर पडला की आकडा हजर! पन्नाशीच्या खोडकर दिगूचे हात शिवशिवले. "ताई, एक भिंत मला मोजू द्या की," म्हणत त्यानं यंत्र घेतलंसुद्धा.

कॉटवर त्याची आई होती. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून तिचा डावा हात नुसता ओंडका झाला होता. दिगूनं ठिपका तिच्या उजव्या दंडावर सोडला आणि ओरडला, "आये, ढेकूण!"

फट्ट!

"मेल्या, गादी उन्हात टाक म्हणून कवाधरनं सांगतेय!" आई करवादली.

दिगू हसायला गेला आणि तसाच थिजला. उजव्या दंडावरचा ढेकूण आईनं डाव्या हातानं मारला होता. आता ती त्या हाताकडं माहेरचं माणूस दारात आल्यासारखी बघत होती. पोरगी आकडा विसरली.

दिगू कॉटशी गुडघ्यावर बसला. त्यानं ठिपका स्वतःच्या गालावर घेतला.

"आये, हितं आणखी एक हाय. हाण की!"

तोच हात हळूहळू उठू लागला.