वूफरमधली टकटक

चंदू, माझा नवरा, ठाण्याला बांधकामावर असायचा. त्याचा फोन यायच्या आधी पोशेऱ्याच्या आमच्या घरातला वूफर टकटक करायचा. त्यानेच हौसेने आणलेला. मी फोन उचलला की तो एवढंच म्हणायचा, "आईला दे." माझी विचारपूस करायला त्याची काय जीभ झिजत होती?

दिवाळीआधी तो परांचीवरून पडला आणि पांढऱ्या चादरीत घरी आला. वूफरची टकटक मात्र थांबली नाही.

आज दुपारी जव्हारहून उमेश मेकॅनिक आला. "जवळ फोन असला की असं होतं, वहिनी. लांब ठेवा." मी माझा फोन बंद करून अंगणापलीकडे ठेवला, त्यानेही त्याचा ठेवला. टकटक चालूच. त्याने वायर बदलली, ब्लूटूथ बंद केलं. शेवटी बोर्डातली पिनच काढली.

टकटक वाढली.

कोपऱ्यात नागली निवडत बसलेली सासू वैतागली. "अगं गौरा, उचल की! किती वाजवायचं त्यानं?" तिने स्वतःच रिकामा तळहात कानाला लावला. "हां, बोल रे चंदू."

टकटक त्याच क्षणी थांबली. उमेश हत्यारांची पिशवी तिथेच टाकून बाहेर पळाला.

सासू ऐकत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. मग तिने तो तळहात कानावरून काढून माझ्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "गौराला दे, म्हनतोय."