तिसरा निरोप

“अब्बाची तब्येत जरा बरी नाय. अम्मीला घेऊन ये. गाडी हळू चालव.”

शरीफचाचांचा हा मेसेज हाशिमने दोनदा वाचला आणि लॅपटॉप मिटला. सकाळचे सव्वादहा झाले होते. अब्बा गेले, हे त्याला तिथेच कळलं.

कळणारच. रोह्याच्या त्यांच्या मोहल्ल्यात मरणाची बातमी कुणी एका दमात सांगत नसे. आधी ‘तब्येत बरी नाय’, मग ‘दवाखान्यात नेलंय’, आणि खरं काय ते माणूस दारात पोचल्यावर. मस्कतला अफानमामा वारला, तेव्हा त्याच्या बहिणीला, म्हणजे अम्मीला, ते तीन निरोपांत सांगायला अख्खा दिवस लावला होता.

हाशिमचं काम तरी दुसरं काय होतं? पेणमधल्या भाड्याच्या घरात बसून तो एका कंपनीच्या संगणकांचे निरोप सांभाळायचा. एका यंत्राचा निरोप दुसऱ्याला पोचलाच पाहिजे, आणि क्रमाने पोचला पाहिजे. तिसरा आधी आला तर पहिले दोन येईपर्यंत त्याला अडवून धरायचं. हे एकदा अम्मीला समजावलं तेव्हा ती हसली होती. “याला इंजिनियर कशाला लागतो रे? आमी बायका जन्मभर ह्येच करतो.”

आज अम्मीसाठी तिसरा निरोप अडवून धरायचा होता. तोही रोह्यापर्यंत.

बाहेरच्या खोलीत ती बुरखा घालून, पिशवी मांडीवर घेऊन तयारच बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पंधरा दिवसांपूर्वी पेणला आली होती आणि आज डॉक्टर डोळा तपासणार होते. ती इकडे, म्हणून हाशिमची बायको रुखसार अब्बांची देखभाल करायला रोह्याला गेली होती.

“अम्मी, डॉक्टरकडं नंतर जाऊ. अब्बांना जरा बरं वाटत नाय म्हणे.”

“चल,” अम्मी म्हणाली. काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही.

नातेवाइकांचे फोन सुरू व्हायच्या आत तिचा फोन बंद करायला हवा होता. त्याने तो मागून घेतला, तर आधीच बंद. चार्जिंग संपलं असेल. बरंच झालं.

निघताना त्याने रुखसारला लिहिलं, ‘निघालो. अम्मीला काही माहीत नाही. तू धीर धर.’ एकच टिक आली. वर तिचा काल रात्रीचा मेसेज होता: ‘अब्बांच्या गोळ्या संपल्यात. सकाळी स्कूटीवरून आणते.’ गोळ्या वेळेवर पोचल्या नसाव्यात. हाशिमने डोळे पुसले आणि गाडी काढली.

वडखळला अम्मीने गाडी थांबवायला लावली. “चाय घे. दोन बिस्किटं खा.”

“आणि तू?”

“माझं ऱ्हाऊ दे. तू खा.”

हिचा नवरा गेलाय आणि हिला माझ्या भुकेची काळजी, या विचाराने त्याला घास उतरेना. पाठ फिरवून त्याने फोन पाहिला. अजून एकच टिक. पोच आली नाही म्हणून लगेच घाबरायचं नसतं, असं तो कामावरच्या नव्या पोरांना नेहमी सांगे. पलीकडचं यंत्र कामात असतं. घरात मय्यत असताना रुखसारला फोन बघायला फुरसत कुठली?

“दे तो हिकडं,” अम्मी म्हणाली. “गाडी चालवताना फोन नको.”

नागोठण्यापर्यंत तो तीनदा वाजला. तिन्ही वेळा अम्मीने तो डोळ्याजवळ नेला आणि आवाज बंद केला. ऑपरेशनच्या डोळ्याला नाव दिसत नसणार, अशी हाशिमने मनाची समजूत घातली. मग त्याने दुसरा निरोप सोडला.

“चाचा म्हणत होते, दवाखान्यात न्यावं लागलं.”

“व्हय,” अम्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आपली मानसं अल्लाची अमानत असतात, बेटा. तो कवाबी परत मागतो.”

तिने ओळखलंय, हाशिमला वाटलं. तरी तोंडाने सांगायचं बाकी होतंच.

रोह्याच्या गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. टोप्या घातलेली माणसं घोळक्याने उभी होती. गाडी दिसताच हाशिमकडे बघून एकेकाने मान खाली घातली.

त्याने गाडी बंद केली. आता पुढं ढकलायला जागा नव्हती.

“अम्मी,” तो म्हणाला, “अब्बा...”

अम्मीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आता मात्र ती रडत होती.

“शरीफभाईंनी सकाळी नवालाच मला फोन केला होता. निरोप माझ्यासाठी नव्हता, बेटा.”

घराचं दार उघडलं आणि अब्बा बाहेर आले. त्यांच्या हातात रुखसारचा फोन होता, काच फुटलेला.