उताराची वस्ती

ऋजुतानं कॉम्प्युटरवरच्या नकाशात नदी सोडली. पाणी डोंगरातून उतरलं आणि राजवाड्याला वळसा घालून राक्षसांच्या वस्तीत पोचलं. ती आणि तिचा मित्र सुगत बनवत असलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यानं राक्षसांच्या बाजूनं राजाशी लढायचं होतं. गोष्ट तिची, चित्रं सुगतची.

"वस्ती वेशीबाहेर, त्यात उताराला का गं?" त्यानं विचारलं.

"गावं अशीच असतात ना? आमच्या गावावरूनच काढलंय."

"माहितीये. आमचं घर उतारालाच होतं. वरच्या आळीनं वापरलेलं पाणी आमच्याकडे यायचं."

माउसवरचा तिचा हात थांबला. कॉलेजपासूनची मैत्री, पण हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आता सुगत काम सोडून जाईल, अशी तिला भीती वाटली.

"सॉरी. वस्ती हलवते मी."

"कशाला? राहू दे तिथंच." खुर्ची ओढून त्यानं माउस घेतला आणि डोंगर उचलून वस्तीमागे ठेवला. नदी क्षणभर थबकली, मग उलटी फिरून वस्तीतून राजवाड्याकडे वाहू लागली.

"आता पाणी राक्षसांच्या हातात. अडवायचं की सोडायचं, ते खेळणाऱ्यालाच ठरवू दे."

"तू काय करशील?"

"मी?" सुगत हसला. "आधी मनसोक्त डुंबून घेईन."