ओ देऊ नका
शिंपीणबाईंकडे अनाथ मुलांच्या संस्थेनं तात्पुरती सांभाळायला दिलेली चिमुरडी ठकी सुरुवातीला अंगाला हात लावू देत नव्हती. संस्थेतल्या, खेळातून उपचार करणाऱ्या ताईंनी शिकवलं तसं बाई वर्षभर तिच्या एकेका बोटाला क्रीम लावत, तिच्याशी लपाछपी खेळत राहिल्या. शेवटी पोर 'आई' म्हणत गळ्यात पडली. ताईंनी अहवालात लिहिलं, 'मूल आता जीव लावतं. दत्तक द्यायला हरकत नाही.' आज संस्थेत नवे आईबाप आले होते. "तुम्ही बाहेर थांबा," ताई म्हणाल्या, "तिनं हाक मारली तरी ओ देऊ नका." दार लागलं. ठकीनं आतून टाहो फोडला, "आई!" बाईंनी तोंडावर हात दाबला. हळूहळू रडणं थांबलं, मग ठकी खुदकन हसली. ताई खुशीत बाहेर आल्या. "सोनं केलंत पोरीचं! आणखी एक आहे, तीन वर्षांची. सांभाळाल?" बाईंनी तोंडावरचा हात काढला. "सांभाळेन. फक्त तिला मावशी म्हणायला शिकवा."