तोंडाला फेस

परदेशातून आलेल्या तरुण फादरांनी इथली भाषा घोटून घेतली आणि धर्मप्रसाराचा श्रीगणेशा कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांपासूनच करायचं ठरवलं.

दर शनिवारी ते वाक्यं पाठ करून खुर्चीत बसत. "काका, तुम्हाला एक सांगायचं होतं..." एवढं म्हणेपर्यंत काका ओठांवरून साबणाचा ब्रश फिरवत. मग वस्तरा गळ्याशी, म्हणजे तोंड उघडायची सोयच नाही. उलट काकाच सुरू होत: सासूबाईंचे गुडघे, धाकटीचं रखडलेलं लग्न, भावाशी तुटलेलं बोलणं. दाढी उरकली की पुढचं गिऱ्हाईक डोक्यावर उभं. फादर गुळगुळीत गाल घेऊन हात हलवत परत.

असं वर्ष गेलं. एका रविवारी पाहतात तर काका सहकुटुंब चर्चच्या पहिल्याच बाकावर!

"काका, तुम्ही इकडे कसे?" फादरांनी चाचरत विचारलं.

"काय सांगू फादर, दुकानात येणारा जो तो आपापला देव माझ्या गळ्यात मारतो. तुम्ही मात्र वर्षभर माझं रडगाणं ऐकलंत आणि एकदाही विषय काढला नाहीत. म्हटलं, असा गुणी माणूस कुठल्या देवाचा, ते तरी बघून येऊ!"