गंजाचा ठिपका

इडा लिंडक्विस्टच्या पत्राला वेंडेल प्रूटने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र तसं साधं होतं. दूर उत्तरेकडून, विस्कॉन्सिनमधून, तिने त्याच्याकडून ट्राऊट मासे धरायच्या नकली माश्या मागवल्या होत्या. गळावर लव आणि पिसं गुंडाळून बांधलेल्या, क्रेफिशच्या, म्हणजे ओढ्यातल्या नांगीवाल्या झिंग्याच्या रूपाच्या. त्या आवडल्याचं कळवून खाली तिने विचारलं होतं : 'पाठीच्या दोन्ही बाजूंना तुम्ही गंजाच्या रंगाचा ठिपका दिला आहे. तो पाहून दिलात की शोभेला? आमच्या तळ्यात असे ठिपकेवाले बाहेरून आले. आता तळ्यात दुसरं काही उरलं नाही.'

वेंडेलने जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. छापलेल्या अक्षरावर त्याचा विश्वास, स्वतःच्या डोळ्यांवर बेताचाच. ठिपका आपण खरंच पाहिला होता, की तांबडा दोरा हाताशी होता म्हणून दिला गेला, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

म्हणून आज सकाळी तो हॅचेट क्रीक ओढ्याच्या गार पाण्यात गुडघ्यांवर बसून दगड उलटत होता.

पहिल्या दगडाखाली काही नव्हतं. दुसऱ्याखालीही नाही. पूर्वी दगड नुसता हलला तरी क्रेफिश शेपटी आपटून, नांग्या जुळवून मागच्या मागे सटकायचा. ट्राऊट झडप घालतो ती तेव्हाच. वेंडेलच्या माशीच्या नांग्याही तशाच मिटलेल्या असत. यंदा मात्र तिला मासा लागत नव्हता. आपल्या हातातली कला गेली, असंच तो धरून चालला होता.

पुढचा दगड त्याने जोर लावून उलटला. गढूळ पाणी हळूहळू निवळलं. क्रेफिश होता. पळाला नाही. वळला आणि दोन्ही नांग्या उगारून वेंडेलच्या बोटांसमोर उभा राहिला. पाठीच्या दोन्ही बाजूंना गंजाचे ठिपके, कुणी रंगाचा अंगठा दाबल्यासारखे.

वेंडेलने हात मागे घेतला आणि काखेत दाबून धरला.

"काय प्रोफेसर, दात पडले का पाण्यात?"

काठावर हार्लन टॅकेट उभा होता, हातात बादली. ओढ्याकाठच्या भाड्याच्या खोल्या त्याच्या. थंडीत वेंडेलच्या दारात लाकडं रचून जाणारा, आजारात सूप आणून देणारा गावात तो एकटाच.

"नमुना शोधतोय," वेंडेल म्हणाला. "माशीसाठी."

"मग घे की. एक मागितलास, बादलीभर देतो."

हार्लनने बादली कलती केली. क्रेफिश धपाधप पाण्यात पडले. तळाला टेकल्याबरोबर एकेकाने नांग्या वर केल्या.

"हे कुठले?" वेंडेलने विचारलं.

"पाहुण्यांचे. धरणात गळाला लावायला कुठून कुठून घेऊन येतात, उरले की मला ठेवून जातात. चांगले जिवंत जीव, मारवत नाहीत बघ. दरवर्षी इथेच सोडतो."

"हार्लन, हे... हे आपल्या ओढ्यातले नाहीत रे," वेंडेल म्हणाला.

"मी तरी कुठे इथला? केंटकीचा आहे." हार्लन हसला. मग हसायचा थांबला. "हे बघ, असलं काही बाहेर बोलत बसू नकोस. पलीकडच्या ओढ्यावर एकाने असाच कसलासा फोन केला. सरकारी माणसं आली, पाटी ठोकली, ओढा बंद. आता हॉटेलात त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. माझ्या खोल्या रिकाम्या पडल्या तर मी काय खायचं, तुझी पुस्तकं?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"नाहीच म्हणालास."

हार्लनने हात देऊन त्याला पाण्याबाहेर काढलं. काठावर आल्यावरही त्याने मनगट लगेच सोडलं नाही.

"गारठलायस तू," तो म्हणाला. "घरी जा."

घरी वेंडेलने कागद घेतला. लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. हार्लनचं नाव कुठेच घालायचं नाही, एवढं एकच त्याला सुचत होतं. आणि नाव नाही घातलं तरी काय, सरकारी माणसं पहिलं दार त्याचंच ठोठावणार. शेवटच्या कागदावर एवढंच उरलं : 'ठिपका पाहून दिला. आमच्याकडे आले आहेत. ज्यांना कळवायचं असेल त्यांना कळवा.' पाकीट त्याने दोनदा चिकटवलं.

रस्त्याकडेच्या टपालपेटीत ते ठेवून त्याने पेटीचा लाल पत्रा वर केला. आत पत्र आहे, घेऊन जा, ही टपालवालीला खूण. समोरच्या हार्लनच्या ओसरीवरूनही ती स्वच्छ दिसत होती. तिथे तो कॉफी पीत बसला होता. त्याने कप उंचावला. वेंडेलनेही हात हलवला. अजून वेळ होता, पाकीट काढून घेता आलं असतं. पण पाय ना पेटीकडे वळत होते, ना घराकडे.

टपालवाली ओपलची गाडी पेटीशी थांबली.

"अगं बाई, कधी नव्हे ते तुमचं पत्र?" ती म्हणाली. "कोण वारलं, वेंडेलकाका?"

"अजून कुणी नाही," वेंडेल म्हणाला.

तिला काही कळलं नाही. तिने पाकीट पिशवीत टाकलं, लाल पत्रा खाली पाडला आणि गाडी पुढे काढली. समोर हार्लनने कप कठड्यावर ठेवला आणि तो पायऱ्या उतरू लागला.